एक थेंबही सांडला नाही

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला चारुता शेवाळे सतरंजीवर आडवी होते, तेव्हा झोपायचा तिचा विचार नसतो. खारीच्या शेजारी जरा पाठ टेकायची, एवढंच. खिडकीला लावलेल्या जुन्या चादरीतून ऊन गाळून येतंय आणि खोलीभर ताकासारखा पातळ उजेड पसरलाय. पंखा दोनवर आहे. खारी भिंतीपाशी बसलीय. आडवी झालेली नाही. पुढचे दोन्ही पाय थोडे फाकवून, कोपरं बाहेर काढून, मान लांब करून ती जमिनीकडे बघत बसलीय.

तेल लागू पडत असेल, असं चारुता स्वतःला सांगते आणि डोळे मिटते.

खारी म्हणजे तिची कुत्री. दीड वर्षाची, खारी बिस्किटाच्या रंगाची. चारुता ज्या डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते तिच्या गेटवर, मार्चमध्ये, एका फाटक्या पोत्यावर सापडलेली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर चारुताला ही पहिलीच नोकरी मिळाली. दिवसभर दुधाचं फॅट लावायचं. नमुन्यात आम्ल घालून नळी फिरवली की दुधातला स्निग्धांश वर येतो आणि नळीच्या मानेत पिवळ्या पट्ट्यासारखा उभा राहतो. तो पट्टा वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. आकडा लिहिला की चारुताला बरं वाटतं. आकडा नसलेल्या गोष्टींवर तिचा फारसा विश्वास नाही.

खारीला दोन दिवस खडा झाला होता, शी होत नव्हती. खालच्या मजल्यावरच्या साळोखे काकूंनी मटणाची हाडं घातली, तेव्हापासून. चारुतानं वाचून काढलं. कुत्र्याला ऑलिव्ह ऑइल चालतं, पण बेतानं. जास्त झालं तर जुलाब होतात, स्वादुपिंड सुजतं. दहा किलोमागे दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, आणि पहिल्या दिवशी त्याच्या निम्मं. तिनं खारीला उचलून वजनकाट्यावर उभं राहून स्वतःचं वजन वजा केलं. अकरा किलो चारशे. म्हणजे आज, हात राखून, अडीच मिलिलिटर.

सकाळी आईचा फोन आला तेव्हा तिनं हे सगळं सांगितलं.

"कुत्रीला ऑलिव्ह ऑइल?" आई हसायलाच लागली. "अगं, आम्ही करडईच्या तेलावर वाढलो. तू झालीस तेव्हा अंगाला लावायला मामानं औषधाच्या दुकानातनं एवढीशी बाटली आणली होती, ती मी बोटानं टिपून टिपून वापरली."

"ते अंगाला लावायचं तेल असतं, आई. त्यात वास मिसळलेला असतो. हे खायचं आहे. लेबल वाचून आणलंय मी."

"वाच बाई, वाच. नवरासुद्धा लेबल वाचूनच करशील तू." मग तिनं विचारलं, "पण पाजणार कशी? मामा असता तर आत्ता येऊन पाजून गेला असता."

"मला येतं पाजायला. मामानंच दाखवलंय."



मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, सुबराव चौगुले. एकतीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होता. डॉक्टरांनी सुई टोचायची, आणि जनावर धरणं, जखम धुणं, पट्टी बांधणं, औषध पाजणं हे सगळं मामानं करायचं. चारुता सुट्टीत आजोळी गेली की दवाखान्याच्या आवाराच्या भिंतीवर बसून बघायची. पोट फुगलेली म्हैस आणली की मामा डाव्या हाताची बोटं तिच्या नाकपुड्यांत घालून मान आभाळाकडं करायचा, उजव्या हातानं बांबूचं नळकांडं गालात सरकवायचा आणि तेल गळगळ आत. "एक थेंब सांडला न्हाई," असं भिंतीकडं बघून म्हणायचा. चारुता टाळ्या वाजवायची. या जानेवारीत, हृदयविकारानं, मामा गेला.

बारा वाजता तिनं आधी तेल भातावर घातलं. खारीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग बिनसुईच्या सिरिंजमध्ये नेमकं अडीच घेऊन चारुतानं खारीला गुडघ्यांत धरलं, हनुवटी वर केली, सिरिंज गालाच्या कोपऱ्यातून आत सारली आणि दट्ट्या दाबला. खारी एकदाच खाकरली. मग शांत. चारुतानं वहीत लिहिलं: बारा वीस, अडीच मिलि, सांडलं नाही.

पंखा फिरतोय. सतरंजीचा काथ्यासारखा वास येतोय. पंख्याचा आवाज हळूहळू प्रयोगशाळेतल्या नळ्या फिरवायच्या यंत्रासारखा होतो, आणि मग तोही लांब जातो.

"झोपलीस होय गं?"

मामा तिच्या टेबलापाशी खुर्चीवर बसलाय. अंगात दवाखान्याचा खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चारुताला यात काही वावगं वाटत नाही. मामा गेला हे तिला माहीत आहे, दहाव्याला ती नदीवर गेली होती. मामा बसलाय हे तिला दिसतंय. दोन्ही एकदम खरं आहे, आणि त्या दोन्हींत भांडण नाही.

"कधी आलास?" ती विचारते. "पाणी देऊ?"

"नको. उतरत न्हाई आता."

तो तिच्याकडं बघतोय. पापणी लवत नाही. चारुताची नजर सवयीनं त्याच्या छातीवर जाते. खिशाच्या वरचं बटण. माणूस श्वास घेतो तेव्हा ते बटण किंचित वर येतं आणि खाली जातं. ती मनात आकडे म्हणत राहते, साठपर्यंत. बटण हलत नाही. एका मिनिटाला शून्य.



"ही कोण?" मामा खारीकडं हनुवटी करतो.

"खारी. मी पाळलीय. तू गेल्यावर मिळाली, म्हणून तू बघितली नाहीस."

"बघितलीया की. मघाशीच भेटली."

"कुठं?"

"वाटंवर."

चारुता वळून बघते. खारी भिंतीपाशीच आहे, कोपरं बाहेर काढून, मान लांब करून. पण तिच्या गळ्यात साखळी आहे. चारुताच्या घरात साखळी नाही, कापडी पट्टा आहे. साखळीचं दुसरं टोक जमिनीवरून, टेबलाच्या पायाखालून, मामाच्या बोटांत गेलंय.

"सोड ती, मामा."

"मी धरलीच न्हाई गं. आली हातात." तो साखळीकडं नवल वाटल्यासारखा बघतो. "काय पाजलंस तिला?"

"ऑलिव्ह ऑइल. अडीच मिलिलिटर. वजन अकरा किलो चारशे. पहिल्या दिवशी निम्मा डोस घ्यायचा असतो. तेल खायचं होतं, अंगाला लावायचं नव्हतं, मी लेबल वाचलं." ती भराभरा बोलतेय, तोंडी परीक्षेत बोलावं तशी. "डोस बरोबर होता."

"डोस कुणी विचारला? डोकं कुठं होतं तिचं?"

"वर."

"वर?"

"तू दाखवलंस तसं."

खुर्ची करकरते. तो उठून भिंतीकडं जातो, आणि भिंतीला पांढरा चुना आहे, आणि ती दवाखान्याच्या आवाराची भिंत आहे. उजेड तोच, ताकासारखा. चारुता भिंतीवर बसलीय. पाय जमिनीला पोचत नाहीत.

खाली खोडा आहे. लोखंडी नळ्यांचा पिंजराच तो, ज्यात जनावर उभं करून मागून आडणा, म्हणजे आडवा दांडा, लावतात. खोडा रिकामा आहे, पण त्याच्यामागं गेटपर्यंत आणि गेटाबाहेर रस्त्यानं जनावरांची रांग लागलीय. म्हशी, गाई, वासरं. सगळ्यांच्या माना वर आहेत. कुणी धरलेल्या नाहीत, तरी वर. हनुवट्या आभाळाकडं, डोळ्यांतलं पांढरं बाहेर. एकही हंबरत नाही. इतकी जनावरं आणि आवाज मात्र काहीच नाही.

"यांना काय झालंय?"

"घशात तेल हाय."

"मग ठसका का लागत नाही?"

"लागत न्हाई." मामा रांगेतल्या पहिल्या वासराच्या मानेवरून हात फिरवतो. वासरू पांढरं, कपाळावर तपकिरी ठिपका. "पाण्यानं लागतो. दुधानं लागतो. तेल गुळगुळीत. घशाला कळतच न्हाई कुणीकडं गेलं ते. एकदा खाकरतं आणि गप बसतं. आपण म्हणतो, बरं झालं, शांत झालं."

चारुताच्या हाताखालचा भिंतीचा चुना ओला लागतो. ती हात वर करून बघते. तेलच आहे, पिवळं.

"हे कांबळ्यांच्या सुनेचं वासरू," मामा सांगतो. "पोट फुगलंवतं. अर्धा लिटर गोडंतेल पाजलं. मान वर केली, नळकांडं घातलं, एक थेंब सांडला न्हाई. ती बाई म्हणाली, काय हात हाय चौगुले तुमचा. च्या पाजला मला. तिसऱ्या दिवशी गेलं."

"कशानं?"

"मी सांगितलं, तापानं." तो वासराच्या छातीवर तळवा ठेवतो. "डॉक्टरांनी फाडून बघितलं. फुफ्फुसं अशी तुकतुकीत. माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, सुबराव, हे पोटात गेलंच नव्हतं. चारचौघांत न्हाई म्हणाले. माणूस चांगला."

"मग?"

"मग काय. त्या दिवसापासनं मान खाली धरून पाजायला लागलो. थोडं थोडं, जनावर गिळंल तसं. सांडलं तर सांडू दिलं. सांडलं पायजे गं, चारू. जनावर नको म्हणतं तवाच सांडतं."

"पण मी तर..." चारुता भिंतीवरून खाली उतरायला बघते, पण भिंत उंच होत चाललीय. "मी तर वर धरलेलीच बघितलीय. तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू त्याच्या आदल्या सुट्टीत आली हुतीस."

"नंतर कितीदा आले मी! दरवर्षी आले. तू सांगू शकला असतास."

मामा पाठमोरा आहे. त्याची मानही हळूहळू वर चाललीय, जनावरांसारखी.

"टाळ्या वाजवायचीस तू," तो आभाळाकडं बघून म्हणतो.

ती उडी मारते. पायाखाली फरशी लागते, पांढरी, आम्लानं डागाळलेली. प्रयोगशाळा. आज रविवार, इथं कुणी नसायला हवं, आणि कुणीच नाही. पण टेबलावर नळ्या उभ्या ठेवायचे घोडे एकापुढे एक लावलेत, शेकडो. प्रत्येक नळीच्या मानेत पिवळा पट्टा उभा आहे. फॅट. वाचायचं काम आहे. चारुताला हायसं वाटतं, इथं तरी आकडे आहेत. ती पहिली नळी उचलून डोळ्यांसमोर धरते.

पट्टा वर सरकतो. मग खाली. मग वर.

नळी श्वास घेतेय.

ती दुसरी उचलते. तीही. सगळ्याच. टेबलभर पिवळे पट्टे वरखाली होतायत, भराभर, उथळ, धापा टाकल्यासारखे, आणि काचेवर आतून वाफ धरतेय. एकेक पट्टा हलायचा थांबतो. थांबला की नळी निव्वळ नळी होते. चारुता वही शोधते. कुठली थांबली ते लिहायला हवं. ती वळते तर यंत्राच्या जागी खोडा आहे आणि ती खोड्यात उभी आहे. मागं आडणा लागतो. खट्.

"मामा, मी आहे रे. मी. चारू."

"म्हाईत हाय. घाबरू नको. कळावं म्हणून."

त्याची बोटं तिच्या हनुवटीखाली येतात. गार आहेत, पण ओळखीची आहेत. लहानपणी गोळी गिळत नसे तेव्हा अशीच धरायचा. मान वर जाते. ती प्रतिकार करते, मानेला जोरच नाही. छतावर ट्यूबलाइट आहे. गालात कोपऱ्यातून काहीतरी सरकतं.

"अडीच," मामा म्हणतो. "डोस बरोबर हाय नव्हं?"

तेल येतं. चव चांगली आहे, हेच सगळ्यात वाईट. हिरवट, किंचित तिखट, कोवळ्या पाल्यासारखी. तिला गिळायचंय, पण वर केलेल्या मानेनं गिळता येत नाही. हे तिला आजवर माहीत नव्हतं. कुणीही करून बघावं इतकी साधी गोष्ट, आणि तिनं कधी करून बघितली नाही. तेल थांबत नाही. ते वाट सापडेल तिकडं उतरतं. ठसका यायला हवा. ती ठसक्याची वाट बघते. ठसका येत नाही. छातीत उजवीकडं खाली गार, गुळगुळीत काहीतरी पसरतं, आणि श्वास घ्यायला जावं तर तो अर्ध्यातच संपतो. ती आणखी एक घेते. अर्धा. आणखी एक. ओरडायचं तर त्यालाही श्वास लागतो.

एक थेंबही सांडत नाही.

मग हात सुटतो. ती जिन्यात आहे, तिच्या इमारतीच्या, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये. साळोखे काकूंच्या दाराशी चपला आहेत, कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू आहे. ती कठडा धरून धापा टाकतेय. खाली, शेवटच्या पायऱ्यांवर, मामा चाललाय. त्याच्या मागं खारी. साखळी सैल आहे, कुणी ओढत नाही. खारी आपणहून चाललीय, शेपूट खाली घालून, प्रत्येक पायरीवर थांबून.

"खारी!"

खारीचे कान हलतात. मागं बघत नाही.

"हाक मारून उपेग न्हाई," मामा खालून म्हणतो. "तिकडं तोंड केलं की ऐकू येत न्हाई."

"तू नेऊ नकोस तिला. मामा, पाया पडते तुझ्या. माझी चूक आहे, तिची नाही."

"तुझी न्हाई गं." तो थांबतो. पहिल्यांदाच त्याचा आवाज हलतो. "आणि मी नेत न्हाई. मी नुसता इथं उभा हाय. कुणीतरी वाटंवर उभं असलं की जनावर त्याच्या मागनं जातं. मला हटता येत न्हाई. ते तू करायचं."

"काय करू?"

"मोजणारी बाई तू. मोज."

"काय मोजू?"

"बारा वीसला तेल मोजलंस. नंतर काय मोजलंस?"

नंतर काहीच नाही मोजलं. वही मिटली, हात धुतले, आमटीभात खाल्ला. खारी आडवी होत नव्हती हे तिला दिसलं होतं. नाकपुड्या फुलत होत्या हेही. दिसलं होतं, पण आकडा लावला नव्हता. आकडा लावला नाही, म्हणून खरं नव्हतं.

"श्वास," ती म्हणते.

"हात दे."

ती तीन पायऱ्या उतरते, आणि जिना तेवढ्यातच संपतो. मामाजवळ जायची भीती वाटते, त्याच्या शर्टाचं बटण अजून हलत नाही. तरी ती हात पुढं करते. तो मनगट उताणं करतो आणि खिशातून निळं बॉलपेन काढतो.

"घड्याळ चालत न्हाई माझ्याकडं. सेकंद तू म्हण. मोठ्यानं. पंधरा म्हणालीस की मी थांबतो. मध्ये थांबू नको हां. तू म्हणतीस तवर ती पाय उचलायची न्हाई."

खारी शेवटच्या पायरीवर आहे. पुढं दार. दाराबाहेर तोच ताकासारखा उजेड, पण त्यात रस्ता नाही, समोरचं किराणा दुकान नाही, उभी केलेली स्कूटर नाही.

"एक," चारुता म्हणते.

खारीची बरगडी फुलते. पेनाचं टोक तिच्या कातडीवर ओढलं जातं, वरून खाली. गार रेघ.

"दोन. तीन."

आणखी एक रेघ. आणखी एक. रेघा आकड्यांच्या बरोबरीनं येतायत. इतक्या भराभर येऊ नयेत. स्वस्थ बसलेलं कुत्रं मिनिटाला वीस, फार तर तीस वेळा श्वास घेतं, तिनं वाचलंय.

"सात. आठ."

खारीचा पुढचा पाय हवेत आहे. टेकत नाही.

"नऊ." तिचा आवाज फाटतो. घशात अजून तेल आहे. दहा म्हणायला जाते तर ओठ हलतात, आवाज येत नाही. खारीचा पाय खाली यायला लागतो.

"म्हण गं," मामा ओरडतो. दवाखान्यात बुजलेलं जनावर अंगावर आलं की ओरडायचा, तसा. "म्हण, पोरी!"

"दहा! अकरा! बारा!"

पाय थांबतो. रेघ. रेघ. रेघ.

"तेरा. चौदा. पंधरा."

मामा पेन उचलतो. तिच्या हाताकडं बघतो, आणि त्याचा चेहरा दवाखान्यात डॉक्टर उशिरा आले की व्हायचा तसा होतो.

"आता उठ," तो म्हणतो. "पळ. आणि परत कधी द्यायचं झालं तर भाकरीवर, भातावर. चाटलं तर चाटलं. नको म्हणाली तर नको. तिच्या तोंडात तुझा हात जायचा न्हाई."

"मामा, तू कसा आहेस?"

ते त्याला ऐकू जात नाही. त्यानं तोंड तिकडं केलंय.

चारुता डोळे उघडते. पंखा दोनवर आहे. मोबाईलवर तीन वीस झालेत. खारी भिंतीपाशी आहे. तशीच, कोपरं बाहेर, मान लांब. नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलतायत आणि बरगड्यांखाली पोट आत ओढलं जातंय. गळ्यात साखळी नाही.

"खारी."

खारी डोळे वळवते. शेपटीचं टोक एकदा हलतं.

चारुता डॉ. मगदूम यांना फोन लावते. रविवारी दवाखाना बंद असतो, पण लस टोचली तेव्हा त्यांनी कार्डाच्या मागं स्वतःचा नंबर लिहून दिला होता. सहाव्या रिंगला त्या उचलतात. मागं कुकरची शिट्टी ऐकू येते.

"मॅडम, मी खारीला तेल पाजलं. तोंड वर करून. ते फुफ्फुसात गेलंय."

"गेलंय की तुम्हाला वाटतंय?"

"ती आडवी होत नाही. पोटानं श्वास घेतेय."

"हं." कुकरचा आवाज लांब जातो; मॅडम दुसऱ्या खोलीत गेल्यात. "मिनिटाला श्वास किती?"

डाव्या हातानं फोन कानाला धरून चारुता उजवा हात खारीच्या बरगडीवर ठेवायला पुढं करते आणि थांबते. मनगटापासून कोपराकडं, आतल्या बाजूला, निळ्या रेघा आहेत. उभ्या, सारख्या अंतरावर. ती मोजते.

"पंधरा सेकंदाला चौदा," ती म्हणते. "छप्पन्न."

"लगेच घेऊन या, मी खाली येऊन दवाखाना उघडते. ओकारी काढायला जाऊ नका. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. आडवी पाडू नका, बसलीय तशीच बसू द्या. किती वेळ झाला पाजून?"

"तीन तास."

"तीन तासांत ओळखलंत?" मॅडमचा आवाज थोडा सैलावतो. "लोक तिसऱ्या दिवशी आणतात. निघा."

फोन ठेवून ती मोबाईलचं घड्याळ लावते आणि पुन्हा मोजते, या वेळी डोळे उघडे ठेवून, खारीच्या अंगावर हात ठेवून. पंधरा सेकंदाला चौदा.

ती खारीला छातीशी उभी धरून उचलते. खारीचा श्वास तिच्या गळ्यावर येतो, गरम, आखूड, तेलाच्या वासाचा. दाराशी पायात चपला सरकवताना तिची नजर टेबलावर जाते. वही मिटलेली आहे आणि पेन टोपण लावून वहीवर ठेवलंय, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ती अंगठ्यानं हातावरची रेघ घासून बघते. रेघ जात नाही. कातडीत रुतेल इतकी दाबून, एका दमात ओढलेली आहे. चौदाच्या चौदा तशाच.

त्या उजव्या हातावर आहेत. चारुता उजव्या हातानं लिहिते. डाव्यानं तिला साधी सही करता येत नाही.

ती दार ओढून घेते आणि जिना उतरायला लागते. प्रत्येक पायरीला मोठ्यानं आकडा म्हणत.